नापास जाळ्या

करवंदांना नापास करणारा माणूस त्रिभुवनात एकच होऊन गेला असेल, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. माझे यजमानही तिथेच, म्हणून ओळख. सहा दिवस लोखंडाचे सुटे भाग मापायचे आणि चुकीचा निघेल त्याला तांबडी खूण करायची, हे त्यांचं काम. बरं, ते काम फाटकाशी ठेवून घरी यावं की नाही? छे! माझी पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत. "वहिनी, या अंगाला जरा जाड झालीय," म्हणत, आणि जाड अंगासकट पाच पोळ्या फस्त करत.

मूळचे रत्नागिरीकडचे. बायको होती, पण इथे नव्हती. लग्नानंतर चार महिने राहिली, भाषा कळेना, कुणाशी बोलावं समजेना, म्हणून माहेरी गेली ती गेलीच. जाताना म्हणाली होती, "जिथे नुसतं तोंडात टाकावं असं करवंद मिळत नाही, तिथे माणसानं राहावं तरी कसं?" दुसरा नवरा असता तर भांडला असता नाहीतर हसला असता. यांनी ते साहेबाच्या हुकमासारखं शब्दशः घेतलं. "सापडलं की कळवतो," म्हणाले. त्याला आता सात वर्षं होत आली होती.

करवंदांच्या दिवसांत दर रविवारी सकाळी स्वारी पिशवी घेऊन बाहेर पडायची. पहिली दोन वर्षं हेब्बाळच्या बाजूला गेली, मग आनेकलकडच्या टेकड्या सुरू झाल्या. पिशवीत चिकपेटेतल्या शिंप्याकडून आणलेल्या तांबड्या चिंध्या. एका जाळीची करवंदं तीन: एक उन्हाकडचं, एक सावलीतलं, एक पार बुडातलं. डोळे मिटून चघळायची, मग घड्याळ लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, घसा धरतो का ते बघायला. मग निकाल. "चीक फार. लोणच्याला पास, तोंडाला नापास!" की बांधली जाळीला चिंधी, पुन्हा तीच तपासायला नको म्हणून. मी बेळगावची, तोंडाने फटकळ. म्हणायची, "अहो, पिकलेलं करवंद गोड नाही लागत तर काय मिरचीसारखं लागतं?" त्यावर उत्तर ठरलेलं, "वहिनी, घाई उपयोगाची नाही."

एकदा म्हणाले, आनेकलकडच्या टेकडीवर हल्ली बायका मला बघून काहीतरी बोलतात. सात वर्षांत त्यांचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच, आणि तेही दोन्ही एकदमच म्हणायचे. तेव्हा दुभाषी म्हणून मी, आणि माझ्यामागे माझे यजमान, असे आम्ही त्या रविवारी बसने गेलो.

बघते तर काय! तीन वर्षांपूर्वी नापास केलेल्या जाळीला हळदकुंकू, बांगड्या, बुंध्याशी नारळाच्या करवंट्या. एक म्हातारी पूजा करत होती. म्हणाली, कोणीतरी नवसाचं तांबडं वस्त्र बांधून गेलं, तेव्हापासून या अम्माला सगळे मानतात. तिच्या सुनेची कूस म्हणे इथेच उजवली. मी मराठीत सांगितलं, "घ्या! तुमच्या नापास जाळीची देवी झाली!" आमचे यजमान हसून हसून खालीच बसले. शेजारी मात्र हसले नाहीत. चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"तगोळम्मा, प्रसाद," म्हणजे घे बाई, असं म्हणत म्हातारीने त्याच जाळीची मूठभर करवंदं माझ्या ओंजळीत घातली. एक तोंडात टाकलं. अगं बाई! गोड, नुसतं गोड. ना चीक, ना घशाला काही.

परतीच्या बसची वाट बघताना मी शेजाऱ्यांना धरलंच. "हे नापास? तुमच्या जिभेला झालंय तरी काय?"

ते चपलेने माती उकरत म्हणाले, "गोड आहे, वहिनी. तेव्हाही होतं. हेब्बाळलाही दोन गोड जाळ्या होत्या."

"मग कळवलं का नाही?"

"पास केलं तर पत्र लिहावं लागेल. आणि 'सापडलं, ये' असं लिहूनही ती आली नाही, तर? मग पुढच्या रविवारी मी कुठे जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. आपण इतकी वर्षं या माणसाला पोळ्या वाढल्या आणि थट्टाच करत बसलो, असं झालं. बस आली, आम्ही चढलो.

पुढल्या रविवारी सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजली. मी बाहेर आले, दशम्यांची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. माझ्या जुन्या तांबड्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ठेवल्या होत्या, त्याही दिल्या. त्यांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि पिशवीत टाकल्या.

संध्याकाळी परत आले तेव्हा मी दारातच होते.

"काय निघालं?"

"आंबट, वहिनी."

"असू दे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी बघा."