भाकीत चुकेल त्याने फक्की मारावी

फक्कीचे पोते कितीही झटकले तरी तळाशी मूठभर पांढरी भुकटी उरतेच. मैदानी स्पर्धांच्या पंचांकडे किस्से असेच उरतात. स्पर्धा संपते, पदके घरोघर जातात, मांडव निघतो. आमच्या खिशांच्या शिवणीत मात्र वर्षभर काहीतरी पांढरे राहून जाते.

येत्या शनिवारी-रविवारी आमच्या ठाणे-कल्याण विभागाची आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा आहे. वर्तकनगरच्या आमच्या वाचनालयाच्या मासिकाने तिचे पूर्वावलोकन माझ्याकडे मागितले आहे : कोण जिंकेल, कोणावर लक्ष ठेवावे, इत्यादी. संपादकांचा माझ्यावर विश्वास आहे. तो टिकावा म्हणून मी भाकिते थोडी आणि हकिकती अधिक देत आहे.

प्रथम मंडळींची ओळख करून देतो. शीलाताई डोंबिवलीच्या निवृत्त क्रीडाशिक्षिका. प्रत्येक शर्यत सुटते ती त्यांच्या पिस्तुलाच्या आवाजाने. पाठारे कल्याणचे, ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती असतो आणि तो परत घेणे कठीण असते. तांडेलमामा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. होडी मुलाच्या हवाली करून ते पंचगिरीत आले आणि चालण्याच्या शर्यतीचे मुख्य पंच झाले. चौथा मी. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढचे सर्व वाचनालयात. नियमपुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे, म्हणून ही मंडळी मला ‘गुरुजी’ म्हणतात. त्यात थोडा टोमणा आहे. मी तो आदर म्हणून स्वीकारतो.

आमचा एक रिवाज आहे. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी आम्ही मैदानावर जमतो, धावपट्टी तपासतो आणि मग पाठाऱ्यांच्या टोपीतून प्रत्येकजण एक चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीवर जो प्रकार निघेल त्याचा विजेता तिथल्या तिथे, मोठ्याने सांगायचा. ज्याचे भाकीत चुकेल त्याने पुढच्या वर्षी धावपट्टीवर फक्की मारायची, म्हणजे यंत्र ओढून पांढऱ्या रेघा आखायच्या. चिठ्ठी बदलून मिळत नाही. हा शेवटचा नियम माझा.

शीलाताई आणि पाठारे अधूनमधून चुकतात आणि माझ्या हाताखाली येतात. फक्कीच्या यंत्राचा दांडा मात्र कित्येक वर्षे माझ्याच हातात आहे. माझ्या रेघा सरळ असतात, हे सर्वजण मान्य करतात. तांडेलमामांनी या यंत्राला अद्याप हात लावलेला नाही. त्यांचे भाकीत चुकल्याचे कोणालाच आठवत नाही.

“तांडेल जिता असेपर्यंत फक्की मारणार नाय!” असे ते दरवर्षी चहाचा ग्लास उंच करून जाहीर करतात.

*

पिस्तुलापासून सुरुवात करू. शीलाताई एकदा शर्यतीचे पिस्तूल डब्याच्या पिशवीत घेऊन डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षात बसल्या. रिक्षावाला नेहमीप्रमाणे आणखी दोन प्रवासी मिळण्याची वाट पाहत ओरडत होता. शीलाताईंनी पाण्याची बाटली काढण्यासाठी आधी पिस्तूल काढले आणि मांडीवर ठेवले.

रिक्षावाल्याने आरशात पाहिले. ओरडणे थांबले. रिक्षा तत्काळ निघाली. वाटेत कोणीही हात केला तरी थांबली नाही.

मैदानावर उतरताना ताईंनी पाहिले आणि त्या जागीच उभ्या राहिल्या. आम्हाला हाक मारून म्हणाल्या, “अहो पाठारे, लवकर या, बघा! डोंबिवलीत रिक्षा मीटरवर आलीय!”

*

पाठाऱ्यांचे निवेदन हा स्वतंत्र विषय आहे. एका वर्षी भालाफेक चालू असताना कोणीतरी आपली पांढरी मोटार कुंपणाच्या आत, फेकीच्या रेषेतच आणून उभी केली. पाठाऱ्यांनी तीन-चारदा विनंती केली. मालकाचा पत्ता नाही.

शेवटी पाठाऱ्यांनी आवाज बदलला. “पांढऱ्या मोटारीच्या मालकांनी कृपया घाई करू नये. आतापर्यंतचा एकही भाला आपल्या गाडीपर्यंत पोचलेला नाही.” क्षणभर थांबून म्हणाले, “यानंतर येत आहे विठ्ठलवाडीचा गतविजेता!”

वडापावच्या गाडीजवळून एक गृहस्थ सुटले. त्या दिवशी शंभर मीटरचे सुवर्णपदक ज्या मुलाला मिळाले, तो अजूनही म्हणतो, “काका, ते अंकल फायनलला असते ना, तर मी सेकंड आलो असतो.”

*

मैदान सर्वांचे असल्यामुळे सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आमची धावपट्टी स्वतःची समजतात. आम्ही त्यांना अडवत नाही. वयाने आम्हीही त्यांच्यातलेच आहोत.

एका पूर्वपाहणीच्या रविवारी मुलींच्या चालण्याच्या शर्यतीची चाचणी चालू होती. चालण्याच्या शर्यतीत दोन गोष्टी पाळाव्या लागतात : एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे पडणाऱ्या पायाचा गुडघा वाकता कामा नये. चुकणाऱ्याला पंच आधी पिवळी पाटी दाखवतो. तीन पंचांच्या लाल नोंदी झाल्या की खेळाडू बाद.

कानटोपी घातलेले एक आजोबा या मुलींच्या मागोमाग निघाले आणि हट्टाने त्यांच्यासोबत राहिले. वळणावर तांडेलमामा पाटी घेऊन उभे. कर्तव्यात ते माणूस पाहत नाहीत, पाय पाहतात. त्यांनी आजोबांसमोर पिवळी पाटी धरली.

“काय झालं?” आजोबा थांबले.

“गुडघा वाकतोय!”

“अहो, तो वाकावा म्हणून तर डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय!”

*

माझ्या भाकितांविषयी लोक अतिशयोक्ती करतात. ती अभ्यासपूर्ण असतात. एके वर्षी पाच हजार मीटरची चिठ्ठी निघाली आणि मी खडवलीच्या एका मुलाचे नाव घेतले. तो रोज पहाटे नदीकाठाने धावतो, त्याचा दम मोठा आहे, हे मी स्वतः चौकशी करून ठरवले होते.

शर्यतीत तो इतका पुढे गेला, की मी यंत्राकडे पाहून प्रथमच हसलो. शेवटची फेरी सुरू झाल्याची घंटा वाजली. मुलाने हात उंचावले, धावपट्टी सोडली आणि सरळ सरबताच्या टेबलाकडे गेला!

मी ओरडलो, “अरे, अजून एक फेरी बाकी आहे! थांबलास का?”

तो निरागसपणे म्हणाला, “घंटा झाली ना सर? कॉलेज सुटलं की!”

भाकीत माझे चुकले नव्हते, हे मी आजही लेखी देईन. तांडेलमामांनी मात्र यंत्राचा दांडा माझ्याकडे वळवला. “गुरुजी, तुमचीबी घंटा झाली. धरा.”

या सर्वांचा परिणाम असा, की यंदाच्या रविवारी मी उंच उडीची चिठ्ठी उघडताच डोंबिवलीचा एक उंच मुलगा धावत आला आणि हात जोडून म्हणाला, “काका, प्लीज यार, माझं नाव नका घेऊ!”

मी त्याचेच घेतले. अभ्यास तेच सांगतो.

*

आता हर्षालीविषयी. ती तांडेलमामांची नात, चालण्याच्या शर्यतीत उतरते. ती महाविद्यालयात आली त्या वर्षी मामांनी कोणी न सांगता मुख्य पंचाची पाटी शीलाताईंच्या हाती दिली आणि स्वतः लांब उडीच्या खड्ड्यावर मोजपट्टी धरायला गेले. आप्ताच्या शर्यतीला पंच होऊ नये, हा नियम मी त्यांना वाचून दाखवणार होतो. त्याची गरज पडली नाही.

त्या शर्यतीत मामा धावपट्टीकडे पाठ करून वाळूजवळ बसले. “मला तिकडचं काय दिसत नाय, काय ऐकू येत नाय,” असे त्यांनी दोनदा सांगितले. परंतु मुली खड्ड्याच्या बाजूने जाऊ लागल्या, की बसल्या जागी त्यांचे खांदे वळत, मग मान वळे, मग हातातली मोजपट्टीही वळे.

शेवटी उडी मारून वाळूत बसलेला मुलगा वैतागून म्हणाला, “मामा, मी इकडे पडलोय! तिकडे कोणाची उडी मोजताय?”

हर्षाली त्या वर्षी तीन लाल नोंदींवर बाद झाली. गेल्या वर्षी ती दुसरी आली. डोंबिवलीची सानिका पहिली. यंदा हर्षालीचे महाविद्यालयातले शेवटचे वर्ष. आमच्या विभागातून पहिली येणारी एकटीच विद्यापीठाच्या संघनिवडीला जाते. म्हणजे येत्या रविवारी पहिली आली तर तिचे चालणे पुढे चालू राहील. नाहीतर इथेच थांबेल. कोळीवाड्यात हे सर्वांना ठाऊक आहे. खाडीवरच्या बांधावर ती सरावाला निघाली, की जाळी वाळत घालणाऱ्या बायका वाटेतली टोपली उचलून घेतात.

पूर्वावलोकन म्हणून माझे प्रामाणिक मत विचाराल, तर दोघींमध्ये फरक फार थोडा आहे. सानिकाची चाल शांत, पुस्तकात काढून दाखवावी अशी. हर्षालीची वेगवान, पण वेग वाढला की तिचा गुडघा अजून कधीकधी दगा देतो.

*

तर यंदाचा पूर्वपाहणीचा रविवार. पाठाऱ्यांनी रिले शर्यतीत कल्याणचे नाव घेतले. ते कुठल्याही शर्यतीत कल्याणचेच घेतात. शीलाताईंनी लांब उडीसाठी ठाण्याचा मुलगा सांगितला. माझे वर आलेच आहे. शेवटची चिठ्ठी तांडेलमामांची.

भोवती सरावाला आलेली मुले-मुली जमली होती. मामांच्या तोंडून आपले नाव यावे म्हणून ही मंडळी वर्षभर त्यांना नमस्कार करतात. हर्षाली थोडी बाजूला, गवतावर पाय ताणत बसली होती. सानिका तिच्याशेजारी बुटाची नाडी बांधत होती.

मामांनी चिठ्ठी उघडली आणि माझ्या हाती दिली. चष्मा जवळ नाही म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी वाचले : “मुली. चालण्याची शर्यत.”

शीलाताई माझ्या कानाशी आल्या. “गुरुजी, ही चिठ्ठी परत टाका टोपीत. नात आहे त्यांची.”

“चिठ्ठी बदलून मिळत नाही,” मी म्हणालो.

“अहो, पण पंच म्हणून आप्त चालत नाही ना? मग भाकीत कसं चालतं?”

“नियम पंचांविषयी आहे. भाकितांविषयी नियमपुस्तिकेत काहीही नाही.”

“काय माणूस आहात हो तुम्ही!”

“राहू द्या ताई,” मामा म्हणाले. “गुरुजींचं बरोबर हाय.”

पाठाऱ्यांनी सवयीने ध्वनिक्षेपक पुढे केला. मामांनी तो हाताने बाजूला सारला. टोपी काढली, पुन्हा घातली. हर्षालीने ताणलेला पाय आखडून घेतला आणि त्यांच्याकडे पाहिले. मामा तिच्याकडे पाहत नव्हते.

“सानिका,” ते म्हणाले. “डोंबिवलीची.”

सानिकाने नाडी तशीच सोडून वर पाहिले. एक मुलगा हळूच म्हणाला, “बाप रे! मामांचं कधी चुकत नाही.” कोणीतरी त्याला कोपराने ढोसले.

“आबा!” हर्षाली उठून उभी राहिली. “मोठ्याने बोला ना परत. मला नीट ऐकू नाय आलं.”

“ऐकलंस तू, बाय. जा, चालायला लाग. ऊन चढतंय.”

ती ओठ घट्ट मिटून सुरुवातीच्या रेषेवर गेली आणि कोणी इशारा देण्याची वाट न पाहता निघाली. सानिकाही नाडी आवळून तिच्या मागे गेली. आम्ही तिघे आमच्या चहाकडे पाहत राहिलो.

पाठारे चुळबुळत म्हणाले, “मामा, निदान तिच्यासमोर तरी...”

मामांनी चहा संपवला. ग्लास उंच केला नाही. ठेवून दिला, धोतराचा सोगा खोचला आणि चालत मैदानाच्या कोपऱ्यात, फक्कीच्या यंत्राकडे गेले. दांड्यावरची धूळ त्यांनी तळहाताने पुसली. मग मला हाक मारली.

“गुरुजी, जरा इकडं या. हे सरळ ओढायला नजर कुठं ठेवायची?”

“पलीकडच्या खुंटीवर. चाकाकडे पाहू नये,” मी म्हणालो. “पण तुम्हाला कशाला हवंय?”

“पुढच्या वर्षी लागेल.”

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि यंत्र ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात दोघी मुली वळण घेऊन आमच्या बाजूने आल्या. मामांचे खांदे वळले, मान वळली, आणि मागून यंत्रही वळले.

“मामा!” शीलाताई लांबून ओरडल्या. “रेघ वाकडी चाललीय तुमची!”

“वर्ष पडलंय अजून,” मामा म्हणाले. “होईल सरळ.”