त्याच्या वाटची खीर

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "किडनी जुळतेय, पण तुमचं वजन जास्त आहे. आठ किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू." मी म्हटलं, "एवढंच ना?" एवढंच म्हणे! दिवसभर शिलाई मशीनवर बूड टेकून बसणारी, चाळिशी कधीच ओलांडलेली बाई मी. पण किडनी धाकट्या भावाला द्यायची होती. सास्तूरहून तो डायलिसिसला जायचा आणि परत आला की भिंतीला टेकून बसायचा. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही.

दवाखान्यात आहार सांगणारी एक बाई होती. मला वाटलं, ही आता दुधीचा रस पाजणार. पण ती म्हणाली, "ताई, आवडीचं तोडू नका. तोडलंत की चार दिवसांनी दुप्पट खाल. त्याला जागा करा. गोड खायचं असेल त्या दिवशी भाकरी सोडा, तेल सोडा, आणि वाटी छोटी घ्या." हे मला पटलं. उमरग्यातल्या माझ्या दुकानात मी ताक नि काकडी घेऊन बसायला लागले, आणि रविवारी त्याच्या बदल्यात अर्धी शेंगाची पोळी, गूळ-दाण्याचं पुरण भरलेली, तीही तूप लावून. ती अर्धी पोळी मी इतकी सावकाश खायचे की नवरा म्हणायचा, "संपव बाई, सोमवार उजाडंल." वजन मात्र उतरत होतं.

घोडं अडलं ते आईपाशी. किडनी मी देणार हे तिला सांगायचं नाही, अशी भावाची अट होती. "दोन्ही लेकरं एकदम टेबलावर म्हटल्यावर ती हाय खाईल, अक्का. तिला म्हणू, यादीत नाव लावलंय, कुठून तरी मिळंल." मी हो म्हणून बसले. ते हो माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

कारण मी वाळायला लागले ते आईच्या नजरेतून सुटेना. "कामून गं, सासरी जेवाय घालत न्हाईत का?" मी माझेच झंपर आत घेतले, ढिले दिसू नयेत म्हणून. उपयोग शून्य. दर आठवड्याला गावाकडच्या जीपमधून तिचा डबा यायला लागला. धपाटे, शेंगाची पोळी, तुपाची बाटली. भावाला डाळ नको, पालेभाजी नको, शेंगा नकोत, पाणीसुद्धा मोजून. पण आईचा हात दोन लेकरांचंच करायचा. फोनवर म्हणायची, "त्याला तर काय चालत न्हाय. त्याच्या वाटचं तू खा माय." काय बोलणार? डबा शेजारच्या मेडिकलवाल्याला द्यायचे आणि आईला सांगायचे, लई झकास झालं होतं. त्या वासानं जीव नुसता कासावीस व्हायचा. कधीकधी धपाट्याचा तुकडा मोडायचे, मग दिवसभर स्वतःला शिव्या.

मग येळवस आली. आमच्याकडं थंडीतल्या या अमावस्येला गावात माणूस उरत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून तिच्यात पूजा मांडायची, आणि मग जेवणं. सगळ्या शेंगा नि पालेभाज्या घालून केलेली घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबट आंबील, गव्हाची खीर. दिसेल त्याला हाक मारून बसवायचं, आणि हाक आली की बसायचंच. ज्याच्या रानात जेवला नाही, त्याच्याशी तुमचं वाकडं आहे असंच समजतात. मग आईच्या रानात नको म्हणायची सोय कुठली?

मी आधीचे तीन दिवस पोट मारून जागा केली होती. माझा हिशेब पक्का होता. एक उंडा, पळीभर भज्जी, छोटी वाटी खीर, आणि शेजारच्या रानात पाय टाकायचा नाही. मनातून मी खूशच होते. वर्षाची खीर, सुखानं खाणार होते.

बांधावरच्या बाभळीखाली ताटं मांडली. भाऊ कोपीला टेकून बसला, त्याच्यापुढं बिनमिठाचा भात. आईनं माझ्या ताटात एक उंडा ठेवला, लगेच दुसरा. भज्जी, वर तेल. मी वाटी पुढं केली तर ती बाजूला सारून तिनं सरळ ताटातच खीर ओतली.

"बास आई!"

"काय बास? हे माझ्या लेकाच्या वाटचं हाय."

आता हाच सोडवील म्हणून मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "वाढ की आई. अक्काला लई आवडती. तूप घाल अजून." आणि मान खाली घालून भात चिवडत बसला.

मला वाटलं चेष्टा करतोय. शेजारी भावजय बसली होती. ती माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "डब्याची पण हेच आठवण करून देतेत आईंना. अक्काला पाठवला का, अक्काला पाठवला का."

डोक्यात सणक गेली माझ्या. एवढे महिने मी वासावर जगले, आणि हा माझ्याच ताटात तूप ओततोय!

"काय रं, तुला जगायचं हाय का न्हाय?"

"हाय की," तो म्हणाला. "पण तुझी किडनी घेऊन न्हाय. तुला पण लेकरं हायत, अक्का. वजन उतरलं न्हाय तर डॉक्टरच नको म्हणतील. मला नको म्हणावं लागणार न्हाय, अन् तुला पण."

एवढ्यात आईचा आवाज आला, "कसली गं तुझी किडनी?"

मग मी सांगूनच टाकलं. मीच देणार आहे, यादीबिदी काही नाही, वजन उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, म्हणून खात नाही. भडाभडा बोलले. पलीकडच्या रानातून कुणीतरी आम्हाला जेवायला हाका मारत होतं, त्यांना कुणीच ओ दिली नाही.

आई रडली नाही. खिरीनं भरलेली पळी तशीच हातात होती. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत त्याच्याकडं.

"मग आता वाढू का नको?" तिनं विचारलं.

भाऊ म्हणाला, "वाढ."

मी म्हटलं, "नको."

आई पळी धरून माझ्या ताटावर तशीच वाकून राहिली.