साडेतीन तासांची चिठ्ठी

हे खरं तर सांगायचं नाहीये. तसं मी दोन माणसांना वेगवेगळं कबूल केलंय. पण शाळा सुटल्यावर मी आत्याच्या तिकीट-बुकिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. मग किस्से साठतात, त्याला मी काय करू?

*

मिरजोळ्याचे नाना आंबा बागायतदार. त्यांची लेक मंजूताई लग्न होऊन आसामात दिब्रुगडला गेली. दोन वर्षं भेट नाही. नानांनी विचारलं, “कोल्हापूरहून विमानाने किती लांब गो?”

बोलायची लाज वाटते, म्हणून मी वेबसाइट बघून चिठ्ठी लिहिली : चोवीसशे किलोमीटर, साडेतीन तास.

नानांनी ती तीनदा वाचली. “म्हणजे मुंबईपेक्षा जवळच दिली की पोरगी!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली!

*

कोल्हापूर मात्र त्यांना पटेना. धावपट्टी तर मिरजोळ्यालाच आहे! आत्याने सांगितलं, तिथून अजून प्रवासी विमान सुटत नाही.

“वा! विमानं माझ्या कलमांवरून जाणार, आणि मी एक पकडायला चार तास घाट चढायचा?”

*

नानांच्या बायकोचं, माईंचं, माहेर हेदवीचं. गणपतीच्या गावची माणसं, संकष्टी कधी चुकली नाही. त्यांनी विचारलं, “तिकडे चंद्र कधी उगवतो गो?”

मी लिहून दिलं : आपल्या आधी तासभर तरी.

माई बघतच राहिल्या. “म्हणजे मंजू उपास माझ्याआधी सोडते? बरं झालं बाई!”

*

तिकिटं काढताना आत्या ओरडली, “चिमे, तुझे साडेतीन तास म्हणजे नकाशावर पट्टीने मारलेली नुसती रेघ आहे! या रेघेवर विमान कुठाय?”

सरळ विमानच नव्हतं. तीन विमानं, मधे एक रात्र विमानतळावर. घरातून निघाल्यापासून दीड दिवस!

लांबचा प्रवास झेपत नाही म्हणणाऱ्या माई साडेतीन तास ऐकूनच तयार झाल्या होत्या. आता त्या गेल्याच नाहीत तर?

“चूक तुझी, सांगणार तूच,” आत्या म्हणाली. “आणि तोंडाने. चिठ्ठी नको.”

*

तिकिटं न्यायला नाना एकटेच आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नाना हसायला लागले.

“अगो, मंजूसाठी पेटी भरलीय ती सगळी हिरव्या आंब्यांची. साडेतीन तासांच्या वाटेला पिकलेले सोडून हिरवे आंबे कोण नेतं?” मग हळूच म्हणाले, “माईला बोलू नकोस. दीड दिवस ऐकलं तर ती उंबरा ओलांडायची नाही.”

*

निघायच्या दिवशी नाना स्टँडवर एसटीत पेटी चढवत होते. माई दुकानात पाणी प्यायला आल्या. मी त्यांची पिशवी उचलायला गेले, तर उचलेना! माईंनी चेन उघडून दाखवली. आत चार वेळचे डबे आणि दोन उशा.

“ह्यांना बोलू नकोस हां. साडेतीन तासांच्या वर म्हटलं की घाबरतात ते.”

मी मान हलवली. एसटी सुटली. एका खिडकीतून नाना, मागच्या खिडकीतून माई, एकमेकांच्या नकळत, दोघंही तोंडावर बोट ठेवून मला— थांबा हं, आत्या हाक मारतेय.

“चिमे! दिब्रुगडहून फोन आलाय. दोघंही तुलाच मागतायत, आणि दोघंही म्हणतायत की स्पीकरवर ठेवू नका!”