राव सरांच्या घरचं धुणं

“अगं, पिळू नकोस ते! ही मुलं अजून धुण्यातच अडकलीत.” राव सर मागच्या दारातून ओरडत होते आणि नळाखाली साडी हातात धरून काकू ताटकळत उभ्या होत्या. सरांच्या इंग्रजीच्या वर्गात पुस्तकातल्या वाक्याला मज्जाव होता. घरात जे चालू असेल तेच इंग्रजीत म्हणायचं, आणि सगळ्यांना जमेपर्यंत घरातलं काम पुढे सरकू द्यायचं नाही. ‘शी इज वॉशिंग’ नीट म्हटलं की काकूंना पिळायची परवानगी. कपडे दोरीवर गेले की ‘शी हॅज वॉश्ड’. मी असा ढ, की माझ्यापायी एका साडीचा रंग उतरून चेन्नईच्या मरीना किनाऱ्याचा समुद्र आठवडाभर जांभळा होता. कोळ्यांना विचारा.

महिन्यापूर्वी सर गेल्याचा फोन आला, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही...

जालन्याहून चेन्नईला आलो तेव्हा तमिळ शून्य, इंग्रजी त्याहून कमी. गाड्यांच्या कारखान्यात तात्पुरता होतो. इंग्रजीत मुलाखत जमली तर कायम, नाहीतर परतीचं तिकीट. मैलापुरात सर भेटले, तंजावरकडचं जुनं मराठी बोलणारे. म्हणाले, “तुझं बोलणं मजला कळते पा. साहेबास कसं कळणार? बोल, काकू काय करते?”

मुलाखतीत साहेबाने मशीनचं विचारलं आणि घाबरून मी सांगितलं की काकू धुणं धुताहेत, त्यांनी धुतलंय, उद्याही धुतील. साहेब हसून हसून टेबलाखाली गेला. तो वर येईपर्यंत मला धीर आला, आणि काकूंच्या जागी मशीन घालून मी अख्खा कारखाना धुऊन वाळत घातला. कायम झालो.

सरांनी एवढंच मागितलं होतं : “लागलास तर येऊन सांग. फोन नको, समोर ये.” मी उद्या जाणार होतो. उद्याचा आठवडा झाला, मग महिना. मग इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून तीन वर्षं...

परवा गेलो. काकूंनी कॉफी दिली. त्यांनी न विचारताच मी सुरू केलं, कारखाना पार शहराबाहेर, सुट्टी नाही, मैलापूरकडे येणंच होत नाही. मग चाचरत विचारलं, “मी लागलो ते सरांना कळलंच नसेल ना?”

“कळलं की,” काकू म्हणाल्या. “तुझ्या कंपनीची बस रोज सकाळी इथूनच जाते. आपलं दार आलं की तू खाली वाकतोस, म्हणायचे.”