केबल लपवायची की दाखवायची

नौदलातून निवृत्त झालो आणि कुंडलला ऊस बघत बसायचं सोडून पुन्हा समुद्रावर गेलो. समुद्राच्या तळाशी इंटरनेटची नवी केबल टाकली होती, तिच्यावर पहारा करणाऱ्या बोटीचं काम मिळालं. मासेमारीची जाळी तळ खरवडत येतात, बोटींचे नांगर पडतात आणि केबल तुटते. माझ्या हद्दीत ती तुटू द्यायची नाही, एवढं मी ठरवूनच टाकलं होतं.

पहिला महिना नुसता ओरडण्यात गेला. केबल नेमकी कुठून जाते हे कोळ्यांना सांगायचं नाही, कोणी मुद्दाम तोडेल, असा केबल कंपनीच्या साहेबांचा हुकूम. मग करायचं काय? भोंगा लावायचा आणि "बाजूला घ्या, बाजूला!" एका म्हाताऱ्या तांडेलला, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाला, मी नको नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "कुठून बाजूला घेऊ, ते तरी सांगशील?" मी लय चिडलो आणि पुन्हा भोंग्यावर ओरडलो.

रजेवर घरी आलो तेव्हा थोरल्या भावाला हे सांगितलं. आमच्या उसाचं पाणी नदीवरून पाइपलाइननं सात जणांच्या रानाखालून येतं. त्यानं कपाळावर हात मारला. "खुळा हाईस का रं? नांगरटीआधी आपुन एकेकाला न्हेऊन पाइपलाइन दावतो, चुन्याची रेघ मारतो. का? लपवली की फुटलीच! दावली की त्योच ट्रॅक्टरवाल्याला दम देतोय."

लाज वाटली. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, वर्दीत विसरलो होतो.

परत गेलो आणि साहेबांना न विचारता त्याच तांडेलच्या बोटीवर चढलो. आधी हात जोडले, मग त्याच्या जीपीएसवर केबलचा मार्ग भरून दिला. नोकरी गेली तर गेली!

दोन महिन्यांनी वायरलेसवर त्याचा आवाज आला. पाण्याच्या ओढीनं त्याचं जाळं केबलवर जाऊन अडकलं होतं. यंत्राचा जोर लावून ओढलं असतं तर जाळं वाचलं असतं, केबल गेली असती. मी पोचेपर्यंत त्यानं दोर कापून टाकला होता. सगळं जाळं तळाला गेलं, तेही ऐन हंगामात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"ह्याला केबलची जागा कोणी सांगितली?" साहेब कडाडले.

"मी. काढायचं तर मला काढा. पण ह्याचं जाळं भरून द्यायचं लिहून दिल्याबिगर मी हितनं हालणार न्हाई."

"अर्ज ठेवून जा."

समोर एकच खुर्ची होती. तिच्यावर मी तांडेलला बसवलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.