कारंज्याच्या वाटेवरचा चढ

मागच्या श्रावणात आमच्या घरातलं बोलणं बंद झालं. हिला लकव्याचा झटका आला. दवाखान्यात नेलं, जीव वाचला, हळूहळू पाय उचलू लागली, उजवा हातही थोडा हलू लागला. पण जीभ काही वळेना. 'हो', 'नाही' आणि 'पाणी', एवढंच काय ते उरलं. ज्या बाईनं वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांची तोंडं बंद केली, ती दारातल्या खाटेवर बसून नुसती माझ्याकडं बघायची. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, पण वेळ लागेल, जिभेचा व्यायाम करून घ्या. सूनबाई रोज तिच्यापुढं बसून लहान लेकराकडून घ्यावं तसं 'आ, ई, ऊ' म्हणवून घ्यायची. मला ते बघवत नसे. मी उठून वाडीत निघून जायचो आणि वांग्यांच्या झाडांवर उगाच पाणी सोडत बसायचो.

खरं लिहितो, त्या दिवसांत देवावरचं माझं मन उडत चाललं होतं. घरात दत्तमहाराजांचा फोटो आहे. दर गुरुवारी मी त्याला फूल वाहतो, पण आजवर कधी काही मागितलं नाही. मागणं माझ्या स्वभावातच नाही. आता मागावं लागतंय, आणि तेही मिळालं नाही तर? या भीतीनं कितीतरी दिवस तोंडच उघडलं नाही. शेवटी एका गुरुवारी फोटोपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "महाराज, हिला बोलती करा. मी कारंज्याला येतो, तुमच्या पादुकांवर डोकं ठेवतो. एसटीनं नाही, पोराच्या मोटारसायकलवर नाही, माझ्या सायकलवर येतो. आणि रस्त्यात कोणाचा हात माझ्या सायकलला लागू देणार नाही. लागला तर माझा नवस खोटा."

ती शेवटची अट मला कोणी घातली नव्हती. माझी मीच घातली. फुकट काही घेतलं असं व्हायला नको, देवाकडूनसुद्धा.

ही सायकल म्हणजे माझा अभिमान आहे. आमची वाडी नाल्याच्या काठी, खोलगटात. सडक वर. लग्न झालं तेव्हापासून वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांनी भरलेल्या टोपल्या मागं बांधून तो चढ मी चढत आलो. मी हँडल धरून पुढं, ही माझ्यामागं पायी. तिचा एक हात टोपलीवर असायचा, भाजी सांडू नये म्हणून. वर सडकेला लागलो की ती एसटीनं किंवा चालत यायची आणि मी सायकलवर बाजार गाठायचो. गावातल्या जवान पोरांना मी सांगायचो, हा चढ भरल्या सायकलीनं एकट्यानं चढून दाखवा. कोणाला जमायचं नाही.

कारंज्याचं ऐकून पोरगा भडकला. "बाबा, वय काय तुमचं, अन् हे काय करून राह्यले तुमी?"

"तुया मायसाठी करून राह्यलो."

"मंग मी मोटारसायकलनं मागं मागं येतो."

"येशीन तं नवस मोडशीन."

तोडगा काढला माझ्या लेकीनं. ती वाशिमला असते. तिकडं हौशी सायकलवाल्यांचा एक मेळा आहे. सुट्टीच्या दिवशी ते तलाव, धरणं, जुनी देवळं, वेशी बघत सायकलीवर हिंडतात. थंडीत त्यांची फेरी वाशिमहून मंगरूळपीर, तिथून धरणाच्या काठाकाठानं कारंज्याला जाणार होती. लेक म्हणाली, त्यांच्यासंगं जा, नाहीतर जाऊच देत नाही. तूर शेंगांवर आली होती, वाडीत काम होतं, तरी मी आदल्या दिवशी मालेगावहून वाशिमला सायकल मारत गेलो आणि लेकीकडं झोपलो. घरून निघताना हिच्या खाटेपाशी उभा राहिलो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, सायकलीकडं पाहिलं, आणि ओठ हलवले. शब्द काही निघाला नाही. मी वळलो आणि निघालो, कारण तिथं अजून थांबलो असतो तर निघणं झालं नसतं.

मेळ्यातली माणसं चांगली होती. त्यांच्या सायकली हलक्या, गिअरच्या. माझी काळी, जड, मागं लोखंडी कॅरिअर. त्यांच्या पुढारी एक मॅडम होत्या, शाळेत शिकवतात. त्यांनी मला हेल्मेट दिलं. "आजोबा, टोपी काढा आणि हे घाला."

मी म्हणालो, "टोपी मी सासऱ्यापुढं काढली न्हाई, तुमच्यापुढं कायले काढू?"

त्या हसल्या. शेवटी माझ्या टोपीवरच टरबूज ठेवल्यासारखं ते हेल्मेट बसवलं. सगळ्यांनी माझे फोटो काढले. काढू दिले.

पद्मतीर्थाच्या काठावर दिवस उगवला, बालाजीचं दर्शन झालं, मग एकबुर्जीच्या तलावावर गेलो. तिथं पांढरे पक्षी पाण्यात एका पायावर उभे होते. मॅडम त्यांची नावं सांगत होत्या, मी ऐकत होतो. पण माझ्या डोक्यात एकच. यातलं प्रत्येक पायडल हिच्या जिभेसाठी आहे. मंगरूळपीरच्या रस्त्यावर मेळ्यातल्या एका जवान पोरानं मला दमलेलं पाहून विचारलं, "आजोबा, थोडं ढकलू का मागून?" मी त्याच्यावर असा खेकसलो की त्यानं नंतर माझ्याकडं पाहिलंच नाही. मुक्काम मंगरूळपीरला झाला. सकाळी दर्ग्यापुढून जाताना मी सायकल थांबवली आणि तिथंही हात जोडले. म्हटलं, बाबा, तुमीही ऐका.

मग धरणाचा रस्ता. एका बाजूला हरभरा आणि तूर, दुसऱ्या बाजूला पाणी, ऊन पडलं की तांब्याच्या परातीसारखं चमकणारं. असा सुंदर रस्ता मी आमच्याच जिल्ह्यात राहून कधी पाहिला नव्हता, कारण मी कधी कामाशिवाय सायकलवर बसलोच नव्हतो. पण पुढं चढ लागला. मुरमाचा, सुटा, उभा. मेळा गिअर टाकून वर निघून गेला. मी अर्ध्यावर उतरलो. उतरायला माझ्या नवसात मनाई नव्हती. हँडल धरून लोटू लागलो. थोडं गेलो आणि दम संपला. मुरमावरून चप्पल घसरली. सायकल मागं सरकायला लागली, मला घेऊन. ब्रेक दाबला तरी चाकं घसरतच होती. त्या वेळी मी मोठ्यानं म्हणालो, "महाराज, आता न्हाई होत." एवढंच. मदत करा असंही म्हणालो नाही.

आणि सायकल हलकी झाली.

आधी वाटलं वारं फिरलं. मग पाठीला कोणाचा तरी पंजा लागला, गार, ओला. वळून पाहिलं तर एक माणूस, डोक्याला दुपट्टा, अंगात चिखलानं भरलेलं बनियन. एक हात कॅरिअरवर, एक माझ्या पाठीला. धरणात मासे धरणारा भोई असावा. खाली त्याची सायकल आडवी पडली होती आणि तिच्या मागच्या टोपल्यातून पाणी गळत होतं.

"हात काढ!" मी ओरडलो.

"काढतो ना बाबाजी. चढ सरू द्या."

"नवस हाय माया! कोनाचा हात लागू द्याचा न्हाई!"

"मंग अगुदर सांगाचं ना. आता तं लागला." तो लोटतच राहिला. "आता काढला तं तुमी खाली याल, सायकल तुमच्यावर, अन् मी दोघायच्या खाली. मायी बायको बोंबलत बसन."

मी शिव्या देत होतो आणि तो लोटत होता. वर पोचलो. तो म्हणाला, "आता कारंजापावतर त्रास न्हाई. जा सावकाश." मासे उन्हात होते म्हणून लगेच उलटा पळत खाली गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं. मी तिथंच सायकलला टेकून उभा राहिलो. माझा नवस मोडला होता. हिचं बोलणं माझ्या हातून गेलं, असंच मला वाटलं. पुढचा सगळा रस्ता मी काही पाहिला नाही.

कारंज्यात शिरताना मेळा जुन्या वेशीपाशी थांबला. दगडी कमानीखाली सगळे उभे होते. मॅडम माझ्या मागं आल्या. "आजोबा, पाठीवर हा कोणाचा पंजा?" चिखल वाळून सदऱ्यावर पाच बोटं उठली होती. मी सायकल पुढं काढली. गुरुमंदिरापाशी सगळे आत गेले, मी बाहेर पायरीवर बसलो. खोट्या नवसाचा माणूस आत कोणत्या तोंडानं जाणार? चपला काढल्या, परत घातल्या. मग खिशातला फोन काढून घरी लावला. हिला सांगायलाच पाहिजे होतं. सूनबाईनं फोन हिच्या कानाला लावला. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हणालो, "ऐक. चढावर एका भोयानं सायकल लोटली. म्या न्हाई म्हनत होतो तरी लोटली. नवस मोडला. आता मी काय करू?"

श्वासही ऐकू येईना. मला वाटलं, सूनबाईनं फोन काढून घेतला. मग हिचा आवाज आला, जाड, अडखळत, एकेक शब्द ढेकळासारखा फोडत.

"अन्... इतके वर्सं... चढावर... कोन लोटत होतं... तुमाले?"

पलीकडं सूनबाई किंचाळली, "बाबा! आई बोलल्या! बाबा, ऐकलं का?" पोरगा धावत आल्याचा आवाज आला. मी ऐकलं होतं. मी कानाला फोन लावून पायरीवर बसून होतो आणि मला वाडीचा चढ दिसत होता. टोपलीवरचा तिचा हात. भाजी सांडू नये म्हणून तो ठेवलेला, असंच मी आयुष्यभर समजत आलो, आणि ती मागून सगळा भार लोटत वर येत होती. एकदाही बोलली नाही. बोलली तेव्हा हे बोलली, आणि तेही टोमण्यात.

मी आत गेलो. पादुकांवर डोकं ठेवलं तेव्हा काय मागावं ते सुचेना, आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं. नुसतं डोकं ठेवून राहिलो. मागच्या माणसानं खांद्याला हात लावून म्हटलं, "चला बाबा, पुढं सरका," तेव्हा मी त्याच्या हातानंच सरकलो. ऋषी तलावाच्या काठी मेळा चहा प्यायला बसला होता. 'ढकलू का' विचारणाऱ्या त्या पोराशेजारी मी जाऊन बसलो आणि त्याच्या बशीतला अर्धा चहा प्यालो. संध्याकाळी पोरगा टेम्पो घेऊन आला. त्यानं सायकल उचलून मागं ठेवली. मी उचलू दिली.

पोरगा म्हणतो, औषधाचा गुण. सूनबाईनं रोज म्हणवून घेतलं त्याचा गुण, असं डॉक्टर म्हणतात. दोघांचंही खरं असेल. सूनबाईच्या त्या 'आ, ई, ऊ'पुढं मी हात जोडतो. मी वाडीत पळून जात होतो तेव्हा ती बसून होती. मला एवढंच कळलं की मी देवाला अट घातली होती, कोणाचा हात नको, आणि त्यानं नेमका हातच पाठवला. चिखलाचा, मासळीच्या वासाचा. मी शिव्या दिल्या तरी त्यानं तो काढला नाही. तो सदरा मी धुवायला टाकला. पंजा निघून गेला. जपून ठेवण्यासारखं काही सदऱ्यावर नव्हतं.

आता ही बरंच बोलते. शब्द अडकतात, पण टोमणे अडकत नाहीत. सकाळी ऊन चढलं की मी तिला वाडीत घेऊन जातो. मेथीच्या वाफ्याशेजारच्या बांधावर तिचा पाय अजून डगमगतो. मी मागून चालतो, तिच्या पाठीला हात लावून.

"काढा हात," ती म्हणते. "मी काय... लेकरू हाओ?"

"काढतो ना," मी म्हणतो. "बांध सरू दे."