जुडीवाल्या बयचा प्रश्न

जुडीवाली बय तोंडावर विचारायची. गिरीज गावात आमच्या शेजारची वाडी ह्या म्हातारीची. मेथी-माठाच्या जुड्या केळीच्या सोपटाने, वाळल्या सालीने बांधत ती ओट्यावर बसलेली असायची. येईल त्याच्या पुढ्यात आधी भाजी सरकवायची, मग त्याच्या हातांकडे बघत, जेवलास का विचारावं अशा सुरात विचारायची, "मरायचं मनात येतं का रे?"

हे तिने माझ्यादेखत माझ्या धाकट्या भावाला, विल्सनला विचारलं. नोकरी सुटल्यापासून तो खोलीबाहेर पडत नव्हता. "बय, भलतंसलतं काय बोलतेस!" मी ओरडले. विल्सन मात्र सोपट ओढत म्हणाला, "येतं. रोजच येतं."

मी शाळेत शिकवते. मुलांच्या मनावरची दोन शिबिरं केलीत, प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. आई गेल्यावर ह्याला मीच वाढवलं. आणि ह्याने पोटातलं सांगितलं कुणाला, तर चौथी नापास बयला! डॉक्टरकडे न्यायला मी रजा टाकली, तर म्हणतो, "ताय, बय येईल माझ्यासंगती." जळले मी. एका म्हातारीवर जळले, आणि त्याची लाजही वाटली नाही.

एकदा न राहवून विचारलं, "माझ्यात काय कमी आहे गं?"

"तू 'बरा हायस ना' विचारतेस. त्यातलं 'हो' तूच घालून देतेस," बय म्हणाली. "माझ्या पोराला मीपन तसंच विचारायची. जीव दिला त्या दिवशीपन तो हो म्हणाला." मग माठ माझ्यापुढे सरकवला.

औषधं सुरू झाली, तरी विल्सन रोज तिच्याकडे जायचा. ती विचारायची, "आज?" तो म्हणायचा, "आज नाय." हे दोन शब्द मला कधी मिळाले नाहीत.

ईस्टरच्या आठवडाभर आधी बय गेली. विल्सन आईच्या वेळी रडला नव्हता एवढा रडला. मला तिथे, दफनभूमीतही हेवा वाटला. घरी आल्यावर मात्र एकच प्रश्न उरला. आता ह्याला विचारणार कोण?

दुसऱ्या सकाळी तो तिच्या ओट्यावर एकटाच बसला होता. आमच्या वाडीतला माठ आणि सोपट घेऊन मी शेजारी जुडी बांधत बसले. जिभेवर आलेलं 'बरा आहेस ना' दोनदा गिळलं. मग त्याच्या हातांकडे बघत विचारलं, "विल्सन, मरायचं मनात येतं का रे?"

त्याने एक सोपट उचलून ओढलं. "काल आलं होतं. आज नाय."

माझी सैल पडलेली जुडी त्याने उचलली आणि पुन्हा बांधली. "बयसारखी जमत नाय तुला."

"नाहीच जमत," मी म्हटलं. "उद्या पुन्हा येऊन बसते."

"बस," तो म्हणाला.